जुन्या लोखंडी रंध्याचे वय कसे ओळखावे : स्टॅनले-बेली रंध्यांच्या निमित्ताने

जुन्या बाजारात किंवा बंद पडलेल्या सुतारशाळेच्या कपाटात गंजलेला लोखंडी रंधा हाती लागला की पहिला प्रश्न पडतो तो हा किती जुना असेल याचा. रंध्यावर बनावटीचे साल बहुधा कुठेच नसते. ज्यांचे रंधे जगभर सर्वाधिक विकले गेले आणि आपल्याकडेही पोचले, त्या स्टॅनले कंपनीने आपल्या नेहमीच्या लोखंडी रंध्यांवर उत्पादनाचे वर्ष छापण्याची पद्धत कधी ठेवली नाही. त्यामुळे वय काढायचे ते घडणीवरून, म्हणजे कोणता भाग कोणत्या आकाराचा आहे, त्यावर कोणती अक्षरे आहेत आणि ती अक्षरे कुठे आहेत, यावरून. हे काम अवघड नाही, पण ते क्रमाने करावे लागते. घाई केली की दहा-वीस वर्षांची चूक सहज होते.

या लेखात प्रामुख्याने अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या न्यू ब्रिटन गावी तयार झालेल्या स्टॅनले-बेली रंध्यांचा विचार केला आहे. या रंध्याची रचना लेनर्ड बेली या कारागिराची. पाते मागेपुढे करण्यासाठी पितळी चाकी वापरण्याच्या त्याच्या रचनेचे पेटंट १८६७ सालचे आहे. १८६९ मध्ये स्टॅनले रूल अँड लेव्हल कंपनीने त्याचे हक्क घेतले आणि तेव्हापासून शंभराहून अधिक वर्षे मूळ रचना तीच राहिली. बदलत गेले ते तपशील. हे तपशील कोणत्या क्रमाने बदलले याचा संग्राहकांनी बारकाईने अभ्यास केला आणि रंध्यांची टाइप १ ते टाइप २० अशी विभागणी केली. ही विभागणी नंतरच्या अभ्यासकांची आहे, कंपनीची नव्हे, हे पक्के ध्यानात ठेवावे. कारखान्यात जुने भाग संपेपर्यंत वापरले जात, त्यामुळे दोन टाइपांमधली सीमारेषा एखाद्या वर्षाने इकडेतिकडे होणारच.

कामाला लागण्यापूर्वी एक कळकळीची विनंती. रंधा घरी आणल्याबरोबर तो तारेच्या ब्रशने घासू नका आणि रंगवू तर मुळीच नका. मूळ काळा लेप, निकेलचा मुलामा, मुठीचे लाकूड आणि पात्यावरचा पुसट शिक्का हेच तुमचे पुरावे आहेत, आणि एकदा घासून गेलेला शिक्का परत येत नाही. आधी कोरड्या फडक्याने आणि जुन्या दातांच्या ब्रशने धूळ काढा, सर्व बाजूंनी फोटो घ्या, मग स्क्रूंवर थोडे तेल सोडून एक रात्र जाऊ द्या. स्क्रू सोडवताना त्याच्या खाचेत नीट बसणारा रुंद पेचकस घ्या. या रंध्यांचे आटे आपल्या नेहमीच्या मेट्रिक मापाचे नाहीत, त्यामुळे मूळ स्क्रू हरवला तर हाताशी असलेला दुसरा स्क्रू जबरदस्तीने पिळून आटे खराब करू नयेत.

सुटे भाग ओळखून घेऊ. तळ आणि दोन्ही बाजू मिळून बिडाचे जे एकसंध ओतकाम असते त्याला येथे बॉडी म्हणू. तिच्या मध्यावर बसणारा आणि पाते ज्याच्या उतरत्या पाठीवर टेकते तो बिडाचा तुकडा म्हणजे फ्रॉग. पात्यावर स्क्रूने बसवलेली दुसरी लोखंडी पट्टी म्हणजे कॅप आयर्न आणि त्यावर सर्वांना दाबून धरणारी लिव्हर कॅप. फ्रॉगच्या मागे पितळी चाकी असते, ती फिरवली की पाते खालीवर होते. फ्रॉगच्या माथ्याशी असलेली कळ डावी-उजवीकडे सरकवली की पाते तिरके करता येते, तिला लॅटरल लिव्हर म्हणतात. पुढे गोल मूठ आणि मागे हाताच्या पकडीची मूठ.

यांपैकी सर्वांत विश्वसनीय भाग बॉडी, आणि सर्वांत कमी विश्वसनीय पाते. पाते हे झिजण्यासाठीच असते. सुतार ते सहाणेवर लावून लावून आखूड करतो आणि शेवटी नवे घालतो. लिव्हर कॅप पडून तुटते, मुठी फुटतात, आणि चार मोडक्या रंध्यांतून एक चालता रंधा जोडणे ही तर बाजारातली रोजची गोष्ट. म्हणून पात्यावरचा शिक्का वाचून रंध्याचे वय सांगणाऱ्या विक्रेत्यावर विसंबू नये. वय ठरवायचे ते बॉडीचे आणि मग बाकीचे भाग तिच्याशी जुळतात का ते तपासायचे.

पहिली पायरी क्रमांकाची. बॉडीवर पुढच्या किंवा मागच्या टोकाशी, किंवा फार जुन्या रंध्यात फ्रॉगच्या बैठकीवर, एक आकडा ओतलेला असतो. हा आकडा आकार सांगतो, वय नव्हे. क्रमांक ४ म्हणजे सुमारे ९ इंच लांबीचा आणि २ इंच पात्याचा साफ करण्याचा रंधा, क्रमांक ५ म्हणजे सुमारे १४ इंचांचा सर्वसाधारण कामाचा, क्रमांक ६ सुमारे १८ इंचांचा, क्रमांक ७ सुमारे २२ इंचांचा आणि क्रमांक ८ सुमारे २४ इंचांचा, लांब फळ्यांच्या कडा सरळ करण्यासाठी. आकड्यापुढे इंग्रजी सी असेल तर तळाला लांबट पन्हळी असतात. ६०२ ते ६०८ असे तीन अंकी आकडे दिसले तर तो स्टॅनलेच्याच बेडरॉक या वेगळ्या मालिकेचा रंधा, त्याच्या फ्रॉगची बैठक वेगळी असते आणि त्याचे कालमापनही वेगळे.

आता मुख्य पायरी. लिव्हर कॅप, पाते आणि गरज पडल्यास फ्रॉगही काढून बाजूला ठेवा आणि फ्रॉगच्या लगेच मागे, चाकीच्या खाली असलेल्या बॉडीच्या सपाट जागेकडे पाहा. तेल आणि भुशाचा थर साचलेला असतो, तो बोथट काडीने हळूच खरवडा. येथे पेटंटच्या तारखा ओतलेल्या असतात आणि त्यांची संख्या हाच वय काढण्याचा सर्वांत सोपा आधार. दोन तारखा, म्हणजे मार्च-२५-०२ आणि ऑगस्ट-१९-०२, असतील तर रंधा १९०२ ते १९०९ या काळातला. या दोहोंखाली एप्रिल-१९-१० ही तिसरी तारीख असेल तर तो १९१० ते १९२४ मधला. एप्रिल-१९-१० ही एकच तारीख उरली असेल तर १९२५ ते १९३०. एकही तारीख नसेल तर दोन शक्यता असतात. रंधा १९०२ पूर्वीचा असेल किंवा १९३० नंतरचा. या दोघांत गल्लत होत नाही, कारण नंतरच्या रंध्याच्या बॉडीवर बेली हे नाव आणि मेड इन यूएसए ही अक्षरे ठळक ओतलेली असतात.

पेटंटची तारीख ही बनावटीची तारीख नव्हे, हे पुन्हा सांगायला हवे, कारण सर्वांत जास्त चुका येथेच होतात. मार्च १९०२ ची तारीख असलेला रंधा १९२० मध्ये बनलेला असू शकतो. पेटंटची तारीख एवढेच सांगते की रंधा त्याआधीचा नाही. तारखा वाचण्यातही एक अडचण आहे. अमेरिकन पद्धतीत महिना आधी आणि दिवस नंतर येतो. लॅटरल लिव्हरवर ७-२४-८८ असे आकडे दिसले की आपण नकळत सात तारीख म्हणतो, मग चोविसावा महिना कुठला हे कोडे पडते. ती तारीख २४ जुलै १८८८.

तारखांच्या गटात आणखी बारीक विभागणी करता येते. दोन तारखांच्या रंध्यात फ्रॉगच्या मागे, चाकीखाली, फ्रॉग पुढेमागे सरकवण्याचा वेगळा स्क्रू आहे का ते पाहा. नसेल तर १९०२ ते १९०७, असेल तर १९०७ नंतरचा. तीन तारखांच्या रंध्यात पितळी चाकीचा व्यास मोजा. आधीच्या रंध्यांत तो १ इंच म्हणजे सुमारे २५ मिलिमीटर असतो आणि १९१९ च्या सुमारापासून सव्वा इंच म्हणजे सुमारे ३२ मिलिमीटर. बाजारात मोजपट्टी जवळ नसेल तर दहा रुपयांचे नाणे चाकीवर धरा. नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर आहे. चाकी नाण्यामागे झाकली गेली तर ती जुनी लहान चाकी, कडेने बाहेर दिसली तर नंतरची मोठी. त्याच सुमारास पुढची मूठही बदलली. आधीची मूठ बुटकी, पेढ्यासारखी असे, नंतरची उंच आणि मानेला बारीक. ही उंच मूठ बुडाशी फुटण्याची तक्रार असे. म्हणून १९२९ पासून बॉडीवर मुठीच्या बुडाभोवती एक उभारलेले कडे ओतण्यात आले. एकच पेटंट तारीख आणि कडे नसेल तर १९२५ ते १९२८, कडे असेल तर १९२९-३०.

१९०२ पूर्वीच्या रंध्यांकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते, आणि माझ्या मते सर्वांत सुरेख काम त्याच काळातले आहे. येथे लॅटरल लिव्हर हा पहिला निकष. ती मुळातच नसेल, आणि काढून टाकल्याची खूण किंवा रिकामे भोकही नसेल, तर फ्रॉग १८८५ पूर्वीचा. लिव्हर आहे, पण पात्याच्या खाचेत शिरणाऱ्या तिच्या टोकाला फिरती गोल चकती नाही, तर १८८५ ते १८८८. चकती आली ती १८८८ पासून. बॉडी आणि फ्रॉगवर एस हे अक्षर ओतलेले असेल तर साधारण १८९३ नंतरची काही वर्षे समजावीत. फ्रॉगखालची बैठकही पाहावी. १९०२ नंतर बॉडीच्या मध्यावर एक उभी धार आणि फ्रॉगच्या तळाला तिच्यावर बसणारी खाच आली. ही धार नसेल तर बॉडी त्याआधीची.

१९३० नंतरच्या काळात लिव्हर कॅप उपयोगी पडते. तिच्यावर ठळक अक्षरांत स्टॅनले हे नाव १९२५ च्या सुमारास आले. तिच्या मधल्या स्क्रूसाठीचे भोक आधी चावीच्या भोकासारखे असे, १९३३ पासून ते मूत्रपिंडाच्या, म्हणजे काजूच्या, आकाराचे झाले. काजूच्या आकाराचे भोक असलेली कॅप १९३३ पूर्वीच्या रंध्यावर दिसली तर ती नंतर बदललेली आहे, यात शंका नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले, साधारण १९४२ ते १९४५ चे, रंधे हातात घेताच ओळखू येतात. पितळ युद्धाच्या कामी लागल्याने चाकी कडक काळ्या रबराची किंवा पोलादाची असे, बॉडी जाड आणि वजनदार, आणि मुठी रोझवूडऐवजी रंगवलेल्या साध्या कठीण लाकडाच्या. युद्धानंतर रोझवूड आणि पितळ परत आले. १९४८ ते १९६१ या काळातला माल आपल्याला सर्वाधिक दिसतो. १९६२ नंतर काळ्या लेपाच्या जागी निळा रंग आला आणि लॅटरल लिव्हर एकाच पत्र्याची वाकवून केलेली आली. निळा रंधा दिसला की पुढची चौकशी फार करण्याची गरज नाही.

पात्यावरचा शिक्का शेवटी वाचावा, पण वाचावा जरूर. हृदयाच्या आकारात एस आणि डब्ल्यू ही अक्षरे असलेला शिक्का, ज्याला स्वीटहार्ट म्हणतात, तो १९२० नंतरचा. त्या वर्षी स्टॅनले वर्क्स आणि स्टॅनले रूल अँड लेव्हल एकत्र आल्या. एस-डब्ल्यू ही स्टॅनले वर्क्सची अक्षरे आणि हृदय हे कंपनीचे दीर्घकाळचे अध्यक्ष विल्यम हार्ट यांच्या आडनावावरून. साधारण १९३५ पर्यंत हा शिक्का चालला. स्वीटहार्टच्या आधीच्या दशकात न्यू ब्रिटन हे नाव इंग्रजी व्ही अक्षराच्या घाटात मांडलेले दिसते.

ही सगळी पद्धत एका रंध्यावर लावून दाखवतो. माझ्याकडचा क्रमांक ५ मी पुण्याच्या जुन्या बाजारात घेतला. पात्यावर स्वीटहार्टचा शिक्का स्पष्ट होता, म्हणून त्याच संध्याकाळी मी चिठ्ठीवर १९२० चे दशक असे लिहून ती मुठीला बांधली. दोन आठवड्यांनी तेल मुरल्यावर फ्रॉग काढला, तेव्हा मागच्या चिकट थराखालून एकाखाली एक तीन तारखा निघाल्या. चाकी दहाच्या नाण्यामागे पूर्ण झाकली गेली. पुढची मूठ बुटकी आणि बुडाशी तिचा लाकडी रंग बॉडीवरच्या काळ्या लेपात जसा मुरला होता, त्यावरून ती मूळचीच होती. म्हणजे बॉडी १९१० ते १९१८ ची. लिव्हर कॅपवर मात्र स्टॅनलेचे नाव आणि काजूचे भोक, म्हणजे ती १९३३ नंतरची. पाते १९२० नंतरचे. एका रंध्यात तीन काळ. जुन्या चिठ्ठीवर रेघ मारून मी नव्याने लिहिले : बॉडी, फ्रॉग व मुठी १९१०–१८, पाते १९२०–३५, कॅप १९३३ नंतर. नोंद अशीच भागवार करावी, असा माझा आग्रह आहे, कारण एकच साल लिहिले की पुढच्या माणसाची दिशाभूल होते. त्या रंध्याच्या डाव्या बाजूला कुणा सुताराने पंचने ठोकलेली दोन मुळाक्षरे आहेत. त्यांचा कालमापनाला उपयोग नाही, पण ती मी घासून काढणार नाही.

आपल्याकडच्या वाचकांसाठी एक महत्त्वाची सूचना. मुंबई-पुण्याच्या बाजारांत मला अमेरिकन रंध्यांपेक्षा मेड इन इंग्लंड लिहिलेले रंधेच अधिक मिळाले आहेत. स्टॅनलेने १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात शेफिल्डमध्ये उत्पादन सुरू केले, त्यामुळे इंग्लंडचे नाव असलेला स्टॅनले त्याआधीचा असू शकत नाही, आणि वर सांगितलेले अमेरिकन टाइप त्याला लागू पडत नाहीत. दुसरे नाव रेकॉर्ड. शेफिल्डच्या सी अँड जे हॅम्प्टन या कंपनीने १९३० च्या दशकाच्या आरंभी हे रंधे बाजारात आणले, रचना बेलीचीच, पण आकड्याआधी शून्य लावलेले, म्हणजे ०४, ०५, ०७. निळा रंग हे रेकॉर्डचे जुनेच वैशिष्ट्य आहे, तेव्हा निळा म्हणजे १९६२ नंतरचा हा स्टॅनलेचा नियम त्याला लावू नये. अमेरिकेतल्याच मिलर्स फॉल्सने क्रमांक लांबीवरून दिले, म्हणून त्यांचा क्रमांक ९ हा स्टॅनलेच्या ४ एवढा आणि १४ हा ५ एवढा. सार्जंट या आणखी एका अमेरिकन कंपनीच्या ४०९ आणि ४१४ मध्येही शेवटचे दोन आकडे लांबीचेच. आधी कंपनी आणि देश निश्चित करा, मग कोष्टक उघडा.

लाकडी रंध्यांचे गणित निराळे आहे. इंग्रजी लाकडी रंध्यावर घडवणाऱ्याचा शिक्का पुढच्या टोकाच्या उभ्या अंगावर, मध्यभागी, खोल आणि एकसारखा उमटलेला असतो. मालकांचे शिक्के मात्र कुठेही, कसेही आणि अनेक असतात, एकावर एक ठोकलेलेही. घडवणाऱ्याचे नाव सापडले तर त्याच्या कारखान्याच्या काळावरून वय ठरते. पात्यावरचे नाव बहुधा शेफिल्डच्या पोलादवाल्याचे असते, ते रंधा घडवणाऱ्याचे समजू नये. नक्षीच्या रंध्यांत लांबी हा उत्तम संकेत आहे. अठराव्या शतकातील जुने रंधे बरेचदा १० इंच किंवा अधिक लांब आणि कडांना रुंद सपाट उतार दिलेले असतात, नंतर साडेनऊ इंच हीच ठरावीक लांबी झाली. लांबी कमी भरली तर टोक कापले नाही ना, हे ताज्या कापाच्या फिक्या लाकडावरून पाहावे.

विकत घेण्यापूर्वीची तपासणीही याच ओघात करून घ्यावी. बॉडीतले सगळे भाग काढून ती दोन बोटांवर अलगद तोलून धरा आणि लाकडी दांडीने हलकेच टकटक करा. अखंड बीड खणखणते, चीर गेलेले बद्द वाजते. तोंडाची, म्हणजे तळाला पाते बाहेर येते त्या फटीची, कड आणि दोन्ही बाजू उजेडात तिरप्या धरून पाहा, चिरा तिथेच पडतात. बाजू एकसारख्या उंच नसतील किंवा कडेवर कानशीचे ताजे ओरखडे असतील तर कुणीतरी घासून आकार बदलला आहे. बेडरॉकच्या बाजूंच्या वरच्या कडा १९११ च्या सुमारापासून सपाट झाल्या आणि त्यांना जास्त मोल मिळते, त्यामुळे गोल कड घासून सपाट केल्याची शंका घ्यायलाच हवी. अगदी चिमुकला क्रमांक १ स्वस्तात मिळतो आहे असे वाटले तर हात आखडता घ्या. त्याच्या नकला पुष्कळ आहेत, आणि अस्सल रंध्याच्या बॉडीवर क्रमांक ओतलेला नसतोच. ज्या रंध्यावर १ हा आकडा ओतलेला दिसेल, तो तिथेच खाली ठेवावा.